एचडी एडिटिंगचा लॅपटॉप: आधी फुटेज बघा, मग कार्ड

अनुस्वार
परवा इथे फोरमवर एका नवशिक्या मुलीने एचडी व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉपबद्दल विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं, "३२ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. त्याखालचं घेणार असशील तर एडिटिंगचा नादच सोड." ती परत आली नाही. ते वाचल्यापासून डोक्यात बसलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

१९२० बाय १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये साधारण २० लाख पिक्सेल. फोरके या मोठ्या आकारात त्याच्या चौपट. आजच्या मशीनला एचडीचे पिक्सेल जड जात नाहीत. जड जातं ते कॅमेऱ्याने फाइल ज्या पद्धतीने दाबून भरलेली असते ते. एच.२६४ आणि एच.२६५ या दाबण्याच्या नेहमीच्या पद्धतींत बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढीच नोंद असते. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची सरकती रेघ, मध्येच कुठेतरी टाकलीत की मशीनला मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून हिशेब करत पुढे यावं लागतं. हे काम करणारा वेगळा भाग चिपमध्ये असेल तर टाइमलाइन लोण्यासारखी सरकते. नसेल तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि महागडं कार्ड शेजारी नुसतं बसून राहतं.

साधं आठ-बिट एच.२६४ कुठलाही बरा लॅपटॉप उलगडतो. पण कॅमेरा रंगांची जास्त माहिती ठेवणारं ४:२:२ टेन-बिट एच.२६५ देत असेल, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये त्याची सोय आहे, ॲपलच्या एम१ पासून आहे, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० मालिकेत आली. माझ्याकडे कार्ड नसलेला ११व्या पिढीचा लॅपटॉप आहे. त्यावर हेच फुटेज मी रोज कापतो. म्हणून आधी विचारा, "कॅमेरा काय देतो?" कार्डाचा नंबर त्यानंतर.

जुनाखेळाडू
तो सल्ला माझा होता. मागे घेणार नाही.

तुम्ही फक्त कापण्याबद्दल बोलताय. एडिटिंग म्हणजे नुसतं कापणं नाही. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर कलर करेक्शनचा जवळजवळ सगळा भार कार्डावर टाकतं. अंधारात शूट केलेल्या आठ मिनिटांच्या फिल्मवर चित्रातले दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन लावलं, आणि फाइल द्यायच्या आदल्या रात्री ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा संदेश आला. पहाटे चारपर्यंत एकेक शॉट वेगळा रेंडर करून जोडत बसलो होतो. तेही एचडीच होतं. ती पाळी त्या मुलीवर येऊ नये म्हणून कडक बोललो.

अनुस्वार
नॉइज रिडक्शनचं मान्य. पण पहिल्या वर्षी तिला ते किती वेळा लागणार? आणि अडलंच तर फुटेज प्रोआरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावं. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, साधं मशीनही पळतं.

जुनाखेळाडू
आणि डिस्क कुठून आणायची? एचडीचं प्रोआरेस ४२२ सेकंदाला ३० फ्रेमने धरलं तर सेकंदाला १४७ मेगाबिटच्या आसपास जातं. तासाभराच्या फुटेजला ६६ जीबी. ५१२ जीबीचा एसएसडी दोन कामांत भरतो. हे सांगायचं राहिलं तुमच्याकडून.

वॅटमीटर
दोघेही कार्ड कार्ड करताय, त्याला किती वॅट वीज मिळते ते कोणीच विचारत नाही. आरटीएक्स ४०६० हेच नाव लॅपटॉपमध्ये ३५ वॅटलाही विकलं जातं आणि ११५ वॅटलाही. खोक्यावर नाव एकच. मी पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. दहा मिनिटं रेंडर चाललं की कीबोर्डच्या वरची पट्टी हात ठेवता येणार नाही इतकी तापायची आणि वेग निम्म्यावर यायचा. शेवटी मागच्या कडेखाली दोन बाटल्यांची झाकणं ठेवली, तेव्हा कुठे पंख्याला हवा मिळाली. वॅट बघितल्याशिवाय कार्डाचा सल्ला देणं चूक आहे.

रंगरेषा
पडद्याबद्दल एक अक्षर नाही कोणाचं! माहितीपत्रकात कोपऱ्यात "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एसआरजीबी, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापातले, साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दिसणार. एचडी व्हिडिओचं रंगांचं मानक रेक. ७०९ आणि एसआरजीबी यांचे मूळ रंग एकच, म्हणजे तुम्ही बनवताय त्यातला तिसरा हिस्सा तुम्हालाच दिसत नाही.

नाटकाच्या एका प्रयोगाचं एडिट मी अशा पडद्यावर केलं. सगळं फिकट वाटलं म्हणून सॅच्युरेशन चढवत गेले. दिग्दर्शकाच्या घरच्या पडद्यावर लावलं तर नायिकेचे गाल विटेसारखे. दोन तासांचा प्रयोग, सगळे शॉट पुन्हा. आधी पडदा बघा, बाकी सगळं नंतर.

जुनाखेळाडू
बाहेरचा मॉनिटर लावा, प्रश्न मिटला. आणि शेवटी बघणारे फोनवरच बघतात.

रंगरेषा
फोनवर बघतात म्हणूनच सांगतेय! बऱ्याच फोनचे पडदे आपल्या लॅपटॉपपेक्षा चांगले असतात, चूक तिथेच आधी दिसते. आणि मॉनिटर घेऊन कुठे कुठे फिरू? विंगेत बसून रफ कट दाखवावा लागतो मला. एका जागी बसायचं असतं तर लॅपटॉप कशाला घेतला असता?

वॅटमीटर
रंगरेषा, चांगला पडदा आणि तापणारं मशीन, काय कामाचं?

रंगरेषा
तापलेलं मशीन उशिरा का होईना, बरोबर फाइल देतं. खोटा पडदा वेळेवर चुकीची फाइल देतो. नायिका रडली होती हो ते बघून. हा विषय किरकोळ समजू नका.

जुनाखेळाडू
किरकोळ म्हटलं नाही. फोनवाला मुद्दा चुकला माझा, बस. पण रॅमचं ऐका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. आज कमी घेतली की मशीन मरेपर्यंत तेवढीच. एसएसडी पुढे बाहेरून जोडता येतो, रॅम नाही.

पहिलीचौकट
मी तीच. राग नव्हता आला, घाबरले होते. फुटेज फोनचं आहे, १०८०, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४. मैत्रिणीच्या १६ जीबीच्या, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर काल तीन ट्रॅक चालवून बघितले. अडकलं नाही. फक्त सहा मिनिटांनंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हे मशीनमुळे होतंय का?

अनुस्वार
मशीनमुळे नाही. फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट, म्हणजे एकसारखा वेग, निवडून फाइल बदलून घे, मग एडिटरमध्ये आण.

जुनाखेळाडू
एच.२६४ असेल तर तुला कार्ड लागणार नाही. हे आधी विचारायला हवं होतं मी. पण १६ जीबीच्या खाली जायचं नाही, त्यावर हटणार नाही.

अनुस्वार
१६ वर भांडण नाहीच.

रंगरेषा
आणि पडद्याचे टक्के?