धंद्यासाठी सोशल मीडिया शिकायचा, म्हणजे नेमकं काय शिकायचं?

खटपट्या

व्यवसायासाठी सोशल मीडिया वापरायला शिकवणारे वर्ग उदंड झाले आहेत. अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने तोच: प्रोफाइलचा फोटो, पोस्ट टाकायची वेळ, हॅशटॅग, रीलच्या सुरुवातीच्या सेकंदांत काय दाखवायचं, महिन्याचं वेळापत्रक. मी एकटा बसून भाषांतराची कामं घेतो. हे वर्ग केलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या पानांवर पोस्टींचा रतीब चालू असतो आणि खाली कोणीतरी विचारलेला साधा प्रश्न आठवडाभर तसाच लोंबकळत असतो.

माझं मत असं की पोस्ट टाकायला शिकणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. दुसऱ्याच्या पोस्टखाली कामाचं काही लिहिता यावं, आलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देता यावं, ओळख झालेल्या माणसाची अडचण काय होती ते लक्षात राहावं. एवढं जमलं तर महिन्यातून एखादी पोस्ट टाकली तरी पुरते.

लिंक्डइनवर मला येणारे बहुतेक निरोप असे असतात: "नमस्कार सर, आपली प्रोफाइल पाहून प्रभावित झालो. आमची कंपनी खालील सेवा पुरवते." आणि मग कलमांची रांग. प्रोफाइल खरंच पाहिली असती तर यातली अर्धी कलमं मला लागूच होत नाहीत हे कळलं असतं. याउलट एकाने लिहिलं होतं: "करारांच्या भाषांतरात कलमांचे क्रमांक सरकतात आणि तपासताना जीव जातो, असं तुम्ही परवा म्हणालात. मी वर्डमध्ये एक छोटी युक्ती वापरतो, फाइल जोडली आहे. मी दस्तऐवजांची मांडणी करून देतो, कधी लागलं तर कळवा." धंद्याचं त्यानेही सांगितलंच की! फक्त शेवटच्या ओळीत, आणि न लपवता. आता माझं मांडणीचं काम त्याच्याकडेच जातं.

यात कोणाला काय पटत नाही ते सांगा.

हिशेबनीस

पुष्कळ काही पटत नाही.

त्या माणसाने असे किती निरोप लिहिले आणि त्यातले किती कोणी उघडलेसुद्धा नाहीत, हे तुम्हाला दिसत नाही. लॉटरी लागलेलाच तेवढा पेढे वाटतो, बाकीचे गप्प घरी जातात.

दुसरं, फुकटात लोकांपर्यंत पोचण्याचे दिवस गेले. 11 जानेवारी 2018 रोजी झुकरबर्ग यांनी स्वतःच जाहीर केलं, की फेसबुकच्या फीडमध्ये यापुढे मित्र आणि घरच्यांचं जास्त दिसेल, धंदे, ब्रँड आणि प्रसारमाध्यमांचं कमी. आपण 'धंदे' या खात्यात मोडतो. दिसायचं असेल तर पैसे मोजा. मला त्यात गैर वाटत नाही. जाहिरातीच्या वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला कळतं की हा विकायला आलाय. किती खर्च झाला, किती चौकशा आल्या, किती पक्क्या झाल्या, तिन्ही आकडे समोर असतात. संबंध जोडण्यात गेलेले तास कोणी वहीत मांडतो का? एकट्या माणसाकडे विकायला वेळच तर असतो, आणि तो तुम्ही दुसऱ्याच्या पोस्टखाली फुकट वाटताय.

खटपट्या

@हिशेबनीस, ती घोषणा तुम्ही अर्धीच सांगितलीत. ज्या पोस्टवर माणसं आपसात बोलतात ती जास्त दाखवू, असंही त्यात होतं. म्हणजे एकतर्फी दवंडी पिटणाऱ्याची पंचाईत झाली, बोलणाऱ्याची नाही.

आणि जाहिरात करून चौकशा आल्या, पुढे काय? उत्तर देणारा माणूस तोच ना? "डीएम करा" (म्हणजे खाजगी निरोप पाठवा) एवढं लिहून पळणारी पानं पैसे भरून जाहिरात करतात आणि आलेलं गिऱ्हाईक उत्तराअभावी घालवतात. तो खर्च तुमच्या तीन आकड्यांत कुठे दिसतो?

हिशेबनीस

चौथा आकडा म्हणून. 'उत्तर न दिलेल्या चौकशा.' मी तोही ठेवतो.

तिरकस

तुम्ही दोघं एकाच बाजूचे आहात, उगाच भांडताय. एकाला गिऱ्हाईक पैशाने हवंय, दुसऱ्याला गोड बोलून.

माझा आक्षेप मुळावर आहे. संबंध जोडायला 'शिकायचं' कशासाठी, तर धंद्यासाठी. म्हणजे उद्या एखाद्याने माझ्या लेखाखाली मन लावून दोन परिच्छेद लिहिले तर मी आधी हाच विचार करायचा, की याला माझ्याकडून काय हवंय? लिंक्डइनवर कोणाला नोकरीत पाच वर्षं झाली की अभिनंदनाचं वाक्य तयार करून मिळतं, फक्त बोट टेकवायचं. पाच जणांकडून तेच वाक्य, त्याच उद्गारचिन्हासह! पाचांपैकी एकालाही आपण काय काम करतो ते माहीत नसतं. ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअरं तर याच्याही पुढची. अमुक यांच्या मुलीची परीक्षा होती, विचारा, अशी आठवण तिथे लावून ठेवता येते. ज्याला विचारलं त्याला वाटतं, काय माणूस आहे, लक्षात ठेवलं! त्याला पडद्यावरची ती आठवणीची पिवळी चौकट दिसत नाही.

ओळखीतून कामं मिळतात हे कोणी नाकारत नाही. पण ओळख कामासाठीच पाळायची ठरवली की ती ओळख राहत नाही, 'लीड' होते, म्हणजे नुसतं संभाव्य गिऱ्हाईक. त्यापेक्षा हिशेबनीस बरे. निदान ते उघड जाहिरात करतात.

खटपट्या

बोचरं आहे, पण मुद्दा गंभीर आहे. माझं म्हणणं, लोकांना धंद्याचा राग नसतो, वेषांतराचा असतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाने आपण काय विकतो ते पहिल्याच निरोपात सांगितलं होतं. मैत्रीचा आव आणला नाही. परीक्षेची चौकशी तर मुळीच केली नाही.

अबोली

मी सहसा वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही.

मी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझं तोंड बंद होतं. प्रदर्शनात जाऊन हात मिळवणं, व्हिजिटिंग कार्ड देणं हे माझ्याच्याने होत नाही. फेसबुकवरच्या कॅमेऱ्यांच्या गटात मात्र मी रोज असते आणि फक्त प्रश्नांना उत्तरं देते. नेहमीचा प्रश्न असा: "शटर वेगात नीट चालतं, पण एक सेकंदावर ठेवलं की मध्येच अडकतं." मी विचारते, कॅमेरा किती वर्षं पडून होता? बहुतेक वेळा मंद गती सांभाळणाऱ्या छोट्या चाकांमधलं वंगण वाळून चिकट झालेलं असतं. मग पहिली सूचना: वरून तेल सोडू नका. ते पसरत शटरच्या पात्यांवर जातं, पाती एकमेकांना चिकटतात आणि साध्या सफाईचं काम पूर्ण खोलण्यावर जातं. घरी काय करता येईल ते सांगते, कुठे थांबायचं तेही सांगते.

बरेच जण तेवढ्यावर स्वतःच निस्तरतात. काही जण नंतर कधीतरी दुसराच कॅमेरा पाठवतात. तो पाठवताना जुन्या उत्तराची लिंक देतात, तेव्हा मला आठवतं.

मी कोणाच्या मुलीची परीक्षा लक्षात ठेवत नाही. लोकांचं नावही राहत नाही डोक्यात, कॅमेऱ्याचं मॉडेल राहतं. त्यामुळे @तिरकस यांची 'लीड' आणि खटपट्यांचा 'संबंध' यांपैकी मी काय करते ते मलाच सांगता येणार नाही.

तिरकस

@अबोली, तुमच्यावर माझा काही आक्षेप नाही. तुम्ही ते धंदा नसता तरी केलं असतं, असं वाचताना वाटतं. तेच 'शिकवता' येत नाही, एवढंच म्हणतोय.

दुसरी_बाजू

इथे थोडा अभ्यासाचा आधार आणतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा प्रसिद्ध निबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्यामुळे काम झालं त्याला तुम्ही किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर: अधूनमधून किंवा क्वचित. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत तेच माहीत असतं, नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते.

2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात याचीच मोठी चाचणी आली. लिंक्डइनवरचे सुमारे 2 कोटी लोक, 5 वर्षांचा काळ. 'तुम्ही यांना ओळखत असाल' या शिफारशी काहींना जवळच्यांच्या, काहींना लांबच्यांच्या जास्त दाखवल्या आणि नोकऱ्या कोणाला लागल्या ते पाहिलं. निष्कर्ष असा की अगदी जवळचे नाहीत आणि अगदी अनोळखीही नाहीत, असे मधले लोक सगळ्यात उपयोगी पडले.

म्हणून धंद्यासाठी घट्ट मैत्री जोडायचा अट्टहास नको आणि तिरकस यांच्यासारखी मैत्री बाटण्याची भीतीही नको. नावाने ओळखणारी, आपण काय करतो ते माहीत असलेली पुष्कळ माणसं असावीत. सोशल मीडिया नेमकं तेच स्वस्तात करून देतो.

हिशेबनीस

अभ्यास चांगला आहे, पण तो नोकरीचा आहे. माणूस नोकरी आयुष्यात मोजक्या वेळा बदलतो. मला गिऱ्हाईक दर आठवड्याला लागतं. शिवाय ज्या क्षेत्रांत कामकाज फारसं डिजिटल नाही तिथे जवळचीच ओळख जास्त कामी आली, असंही त्याच 2022 च्या निबंधात आहे. ते का गाळलंत?

तिरकस

आणि ज्या 2 कोटी लोकांच्या शिफारशी बदलल्या त्यांना आधी कोणी विचारलं होतं का? वापराच्या अटींत कुठेतरी खाली लिहिलेलं असतं म्हणे. कोणाची ओळख कोणाशी व्हावी हे कंपनी बटण फिरवून ठरवू शकते, हाच मला त्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष वाटतो.

दुसरी_बाजू

@हिशेबनीस, गाळलं नाही, लांबण लागली असती म्हणून सोडलं. मान्य. @तिरकस, तुमचा मुद्दाही मान्य, पण त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही.

भाडेकरू

संबंध की जाहिरात हे ठरवण्याआधी जागा कोणाची ते बघा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी गुंडाळलं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच सहाएक तास बंद होते, कारण तिन्हींचा मालक एक. ज्यांची सगळी ऑर्डर तिथूनच यायची ते त्या दिवशी हात चोळत बसले.

त्यामुळे माझ्या वर्गात पहिला धडा हा असता: ओळख झाली की ती तिथून बाहेर काढा. ईमेल, फोन, काहीही, जे तुमच्या स्वतःच्या वहीत राहील.

तिरकस

म्हणजे न विचारता नंबर उचलून रोज शुभ सकाळ.

भाडेकरू

विचारून हो! आणि व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी याबाबतीत बरी आहे. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे आधी समोरच्याने तुम्हाला ठेवून घ्यायला हवं. लोक तक्रार करतात, यादीत एवढे घातले पण पोचत काहीच नाही. मग विचार करा ना, नंबर का नाही ठेवला त्यांनी? खटपट्यांचा मुद्दा इथे लागू पडतो. काहीतरी उपयोग झालेला असला तरच नंबर राहतो.

बाकी व्हॉट्सॲप बिझनेस 2018 पासून आहे आणि लोक अजून त्यातलं लेबल वापरत नाहीत. 'नवीन चौकशी', 'दर कळवला', 'पैसे यायचे', अशी लेबलं लावली तर हिशेबनीसांचा चौथा आकडा आपोआप दिसतो.

हिशेबनीस

वा, हे कामाचं बोललात. @अबोली, एक विचारतो, राग मानू नका. गटात उत्तरं देण्यात दिवसाचा किती वेळ जातो?

अबोली

राग कसला. सकाळी काम सुरू करण्याआधी थोडा वेळ, बस. फक्त शटर आणि फिल्म पुढे सरकवण्याच्या यंत्रणेचे प्रश्न घेते. भिंगावरच्या बुरशीचे घेत नाही, त्यातले जाणकार तिथे दुसरे आहेत, त्यांचं नाव सुचवते. तेही कधीकधी माझं सुचवतात.

हिशेबनीस

तुमच्या कामाला गट आहे, आणि प्रश्न विचारणारे हेच तुमचे गिऱ्हाईक आहेत. माझं काम हिशेब तपासायचं. स्वतःचा ताळेबंद उघड्यावर टाकून "हे चुकलंय का हो" असं कोण विचारणार? मी जाहिरातच करेन.

खटपट्या

ताळेबंद नाही टाकणार, पण बिल कसं करायचं, कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, हे लोक रोज विचारतात. एकदा बघा तरी.

हिशेबनीस

विचारतात, आणि फुकट सल्ला घेऊन जातात. माझा धंदाच सल्ल्याचा आहे, वाटून टाकला तर विकू काय?

नवशिक्या

सगळा धागा वाचला आणि आणखी गोंधळले. मी शिवणकाम करते, फिटिंग आणि अल्टरेशन. कालच इन्स्टाग्रामवर खातं उघडलंय. पहिली पोस्ट काय टाकू?

खटपट्या

लगेच काही टाकू नका. लोक अल्टरेशनबद्दल काय विचारतात ते आधी वाचा आणि तीनचार जणांना उत्तरं द्या.

हिशेबनीस

रिकामं पान बघून कोणी थांबत नाही. आधी केलेल्या कामाचे फोटो टाका, आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी. मग थोडे पैसे लावून आसपासच्या भागात जाहिरात.

अबोली

फोटोत शिवण उलट बाजूनेही दाखवा. जाणणारे तीच बघतात.

तिरकस

आणि काम किती दिवसांत मिळेल ते प्रोफाइलमध्येच लिहा, म्हणजे "डीएम करा" म्हणायची पाळी येणार नाही. या बाबतीत मी सगळ्यांच्या बाजूने.