परवा केमिस्ट्रीचा पेपर, दोन दिवसांत मार्क वाढतील का?

कोरीवही:
परवा सकाळी पेपर आहे. काल घड्याळ लावून जुना पेपर सोडवला तर ७० पैकी ३८ आले, रडूच आलं. फॉर्म्युले पाठ आहेत तरी न्यूमेरिकलचं उत्तर जुळत नाही, ऑरगॅनिक वाचताना सगळं समजतं आणि वही मिटली की काहीच आठवत नाही. इनऑरगॅनिकचे दोन धडे तर उघडलेलेच नाहीत. आता ते करू की आहे तेच पक्कं करू? प्लीज कोणीतरी सांगा

बीकर:
नवीन धडे लगेच उघडू नकोस, आधी कालचा पेपर परत काढ आणि गेलेल्या ३२ मार्कांपुढे एकेक कारण लिही, आलंच नाही की येत असून चुकलं. येत असून चुकलेले मार्क दोन दिवसांत परत मिळतात, मी स्वतः असेच मिळवलेत. माझी चूक कायम युनिटची असायची. समज डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) उणे १०० किलोज्यूल, डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) उणे २०० ज्यूल प्रति केल्विन, तापमान टी ३०० केल्विन. टी गुणिले डेल्टा एस येतं उणे ६०,००० ज्यूल म्हणजे उणे ६० किलोज्यूल, मग डेल्टा जी, म्हणजे डेल्टा एचमधून ते वजा केलं की, उणे ४० किलोज्यूल, आणि उणे म्हणजे रिअॅक्शन आपोआप होते. हेच युनिट न बदलता केलं तर अधिक ५९,९०० येतं, म्हणजे आपोआप होणारी रिअॅक्शन होणार नाही असं तू लिहून येणार! फॉर्म्युला बरोबर असून सगळं गेलं.

कोरीवही:
मोजले आत्ता. ३२ पैकी १३ युनिट आणि चिन्हाचे 😢 दोन ठिकाणी तर सेल्सिअसच टाकलंय केल्विनच्या जागी. ऑरगॅनिकचं काय करू?

शिक्षिका_ताई:
अगं वाचणं बंद कर, लिही. कोरा कागद घे, मधे अल्कोहोल लिही आणि त्यापासून काय काय बनतं ते बाण काढून रिएजंटसकट लिही, अडलीस की मगच पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल पेनने भर. तासाभराने परत नवा कागद. लाल कमी होत जातं ते दिसतं. ओळख-फरकाचे प्रश्न, म्हणजे दोन पदार्थ टेस्टने वेगळे ओळखायचे, ते जोडीने कर, बेन्झाल्डिहाइड आणि अॅसिटोफिनोन घे, टॉलेन्स टेस्टला चांदीचा आरसा पहिलं देतं, आयडोफॉर्म टेस्टला पिवळा साका दुसरं. नुसतं टेस्टचं नाव नको, काय दिसतं तेही लिहायचं, मार्क त्याला असतात, पेपर तपासताना मुलांनी तेवढंच सोडलेलं बघून फार वाईट वाटतं.

बीकर:
इनऑरगॅनिकचं, ताईंनी सांगितलेलं झालं की उद्या दुपारी कारणं द्या तेवढे कर. झिंकचे क्षार पांढरे का, तर झिंक दोन अधिकमधे डी कक्षक पूर्ण भरलेला, इलेक्ट्रॉनला डी मधल्या डी मधे उडी मारायला जागाच नाही, आणि अशा क्षारांना रंग त्या उडीनेच येतो. असे आठ-दहा होतात. आणि कॉम्प्लेक्समधला ऑक्सिडेशन नंबर, तो नुसता हिशोब आहे, पोटॅशियम फेरोसायनाइडमधे चार पोटॅशियमचे अधिक ४, सहा सायनाइडचे उणे ६, बेरीज शून्य यायला हवी म्हणून लोखंड अधिक २.

कोरीवही:
दादा, ताई, थँक्यू. अल्कोहोलचा दुसरा कागद झाला, लाल पाच ठिकाणीच आहे. आता न्यूमेरिकलला बसते, प्रत्येक ओळीत युनिट लिहून