मदत हवी आहे: बोर्निओत मुलं आणि सासूबाईंसह किनाबातांगन की डॅनम व्हॅली?

नमस्कार मंडळी,

सुट्टीत सहकुटुंब बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यात जायचं ठरतंय. बरोबर मुलगी (वय ११), धाकटा (वय ६) आणि सासूबाई. त्यांचा गुडघा कुरकुरतो, पण उत्साह आम्हा दोघांपेक्षा जास्त!

संदाकानला उतरून आधी सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र बघायचं, एवढं पक्कं. १९६४ पासून चालू आहे आणि शेजारीच सूर्य-अस्वलांचंही केंद्र आहे. घोळ त्यापुढे आहे. किनाबातांगन नदीकाठी सुकाऊला राहिलं तर होडीत बसल्या बसल्या लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, धनेश, मगरी आणि नशीब असेल तर बुटके हत्तीही दिसतात. सासूबाई खूश. मुलीला मात्र डॅनम व्हॅलीचं कधीच न तोडलेलं जंगल आणि तिथला झाडांच्या उंचीवरचा झुलता पूल हवाय. तिथे चिखलातून चालणं भरपूर, शिवाय लहाद दातू या गावाहून जाताना लांबलचक कच्चा रस्ता.

जळवांचंही सांगा. त्या म्हणे पानाच्या टोकावर उभ्या राहून माणसाची वाट बघतात. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे सहा वर्षांच्या मुलाच्या मापात मिळतात का? (धाकट्याला जळू बघायचीच आहे, तो भाग वेगळा.)

माकडांमधून डासांमार्फत माणसांत येणारा नोलेसी मलेरिया साबात आढळतो. त्याबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण लहान मुलं घेऊन गेलेल्यांनी डासांपासून बचावासाठी काय केलं?

आणि दोन्हीपैकी एकच करायचं झालं तर कुठे जाल?