सत्राच्या वार्तापत्रात मुलांच्या नोंदी जशाच्या तशा छापाव्यात का?

चौथीची वर्गशिक्षिका, पुणे

नमस्कार. पुण्यात पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. प्रथम सत्र संपत आले आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पालकांच्या हाती द्यायच्या आठ पानी वार्तापत्राचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. एरवी त्यात जयंत्या, पाहुण्यांची नावे आणि स्पर्धांतील बक्षिसे यांनीच पाने भरतात. या वेळी मुलांनी सत्रभर केलेल्या कामाला त्यातली चार पाने द्यावीत, असे मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवले. मला मनापासून आनंद झाला, परंतु मजकूर जुळवायला बसले तेव्हा एका प्रश्नावर अडले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आम्ही वर्गात पर्जन्यमापक तयार केला. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा तिच्यातच उलटा बसवला, तळाच्या खाचा बुजेपर्यंत खडे व पाणी भरून तिथे शून्याची खूण केली आणि त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. शाळा सकाळची असल्यामुळे परिपाठ झाला की, म्हणजे साधारण आठ वाजता, पाळीची दोन मुले गच्चीवर जातात, पाण्याची उंची वाचतात, वहीत लिहितात आणि बाटली पुन्हा खुणेपर्यंत रिकामी करतात. सप्टेंबरअखेरपर्यंत एकाही पाळीची नोंद चुकली नाही. पहिल्या महिन्यात पाळी कोणाची यावरून भांडणे होत. पुढे पुढे मुले सुट्टीच्या दिवशीही घरून आकाश पाहून येऊन सांगू लागली.

आता अडचण अशी की आमची बेरीज शिवाजीनगर वेधशाळेच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी भरते, आणि तरीही पावसाचे दिवस मात्र आमच्याकडे जास्त दिसतात. एका पालकांनी हे दाखवून दिले आणि असे होणे शक्यच नाही, तेव्हा चुकीचे आकडे छापण्याऐवजी वेधशाळेचेच आकडे घ्यावेत, असे सुचवले.

दुसऱ्या दोन उपक्रमांतही हेच घडले आहे. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना आमच्या शाळेच्या वर्गांत वारकरी उतरतात. मुलांनी त्यांना गावांची नावे विचारून भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर टिकल्या लावल्या. त्यातले ‘पिंपळगाव’ नेमके कोणत्या जिल्ह्यातले, हे विचारायचे राहून गेले. मुलांना या नावाची कितीतरी गावे सापडली आणि अखेर त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

जुलैमध्ये, पानशेतच्या पुराचा दिवस जवळ आला तेव्हा, घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना १२ जुलै १९६१ या दिवसाविषयी विचारून पानभर लिहून आणायला सांगितले होते. सतरा मुलांनी लिहून आणले. कोणाच्या आजी पाणी सकाळीच आले म्हणतात, तर कोणाचे आजोबा दुपारी आले असे ठामपणे सांगतात. मुलांनी ऐकले तसे लिहिले, आणि शुद्धलेखनाच्या चुका तर पानोपानी आहेत.

हे सारे दुरुस्त करून, एकसारखे करून छापावे, की जसे आहे तसे? वार्तापत्र बाहेर जाते, शिक्षण विभागाचे अधिकारीही ते पाहतात, त्यामुळे निर्णय घेणे मला जड जात आहे.

निवृत्त निरीक्षक, शिवाजीनगर

बाई, मी हवामान खात्यात अनेक वर्षे निरीक्षणाचेच काम केले, म्हणून पावसाच्या भागापुरते लिहितो. ज्या वेधशाळेला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तिचे ते नाव १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले तेव्हापासूनचे आहे. तिथल्या आणि आपल्या आकड्यांत फरक पडला याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. उलट दोन्ही तंतोतंत जुळले असते, तर मुलांनी वर्तमानपत्रातून उतरवून घेतले की काय, अशी शंका मला आली असती.

बेरीज कमी येण्याचे मुख्य कारण बहुधा आपली गच्ची आहे. खात्याचा साधा पर्जन्यमापक मोकळ्या जमिनीवर बसवलेला असतो, त्याचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर असते, आणि जवळपासची झाडे किंवा इमारती यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर त्यांच्यापासून राखलेले असते. इमारतीवर आदळलेला वारा वर चढून गच्चीच्या कडेवरून वेगाने जातो आणि बारीक थेंब बाटलीच्या तोंडावरून पुढे घेऊन जातो. बाटली कठड्याला लागून असेल, तर एका बाजूने तिरपा येणारा पाऊस कठडाच अडवतो. बाटलीच्या अंगावर वळ्या असतील, तर वाचनात आणखी थोडा फरक पडतो. शिवाय पुण्यात पाऊस सगळीकडे सारखा पडतच नाही. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव या तीन ठिकाणांचे एकाच दिवसाचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तरी ते कळते.

दिवस जास्त का आले, याचे उत्तर व्याख्येत आहे. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच खाते त्याला पावसाचा दिवस म्हणते. आपल्या मुलांनी बाटलीत एक मिलिमीटर पाणी दिसले तरी तो दिवस मोजला असणार, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्यांना २.५ ची अट सांगून वही पुन्हा मोजायला द्या. दिवस खाली येतील.

आणखी दोन गोष्टी विचारतो. रविवारी नोंद कोण घेत होते? कोणीच नसेल, तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस आहे, आणि तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. दुसरे असे की खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या चोवीस तासांची असते, म्हणजे मंगळवारच्या नावावर लिहिलेला बराचसा पाऊस सोमवारी दिवसा आणि रात्री पडलेला असतो. मुलांनी आज वाचलेला पाऊस कालच्या तारखेला लिहिला असेल, तर तारखा एकेका दिवसाने सरकलेल्या दिसतील.

ही सगळी कारणे आकड्यांखाली चार ओळींत द्या आणि मुलांचेच आकडे छापा. वेधशाळेचे आकडे कोणालाही मिळतात. तुमच्या गच्चीवर किती पाणी पडले, हे मात्र या वहीशिवाय कुठेच नोंदलेले नाही. जागा उरली, तर एक हिशेबही घाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. गच्ची २०० चौरस मीटरची असेल आणि एखाद्या दिवशी २२ मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर त्या एका दिवसात ४,४०० लिटर पाणी तिच्यावर पडले. चौथीच्या मुलांना हा गुणाकार जमतो, आणि तो केल्यावर ती गच्चीकडे निराळ्या नजरेने पाहतात, हे मी माझ्या नातवाच्या बाबतीत अनुभवले आहे.

एक पालक, कोथरूड

पावसाच्या आकड्यांविषयीचे वरील म्हणणे मला पटले, पण शुद्धलेखनाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. वार्तापत्र म्हणजे शाळेने समाजापुढे ठेवलेला मजकूर असतो. मराठी माध्यमाच्या शाळांकडे आधीच अनेक जण शंकेने पाहतात. त्यातच छापील पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या, तर इथे मराठीही नीट शिकवत नाहीत, असे म्हणायला लोकांना निमित्त मिळेल. माझी मुलगी तिसरीत आहे. तिचे लेखन चुकांसह छापले गेले आणि मोठेपणी तिने ते पाहिले, तर तिला वाईट वाटेल, असेही मला वाटते. मुलांची माहिती आणि मते कायम ठेवावीत, मात्र लेखन शुद्ध करूनच छापावे, अशी माझी विनंती आहे.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, हडपसर

कोथरूडच्या पालकांची काळजी मला रास्त वाटते. मी शाळेत असताना दरवर्षी वर्गाचे हस्तलिखित काढत असे आणि त्या वेळी हाच प्रश्न माझ्यापुढेही होता. पहिली काही वर्षे मी मुलांचे लेख स्वतः नीटनेटके करून देत असे. नंतर एकदा जुनी हस्तलिखिते चाळताना माझ्या लक्षात आले की चाळीस मुलांचे चाळीस लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाचले जात आहेत, आणि तो माणूस मीच होतो. ऱ्हस्व-दीर्घाबरोबर मी वाक्येही बदलून टाकली होती. एका मुलाने ‘पाऊस थांबला आणि पत्रा बोलायचा थांबला’ असे लिहिले होते. त्याची मूळ वही माझ्याकडे राहिली होती, म्हणून ते मला कळले; हस्तलिखितात मी त्याचे ‘पाऊस थांबल्यावर पत्र्याचा आवाज बंद झाला’ असे केले होते. त्याचा सल मला आजही आहे.

त्यानंतर मी एक पद्धत ठरवली. मूल लिहून आणते. मी चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारतो, बरोबर शब्द लिहून देत नाही. मूल शब्दकोशात किंवा पाठ्यपुस्तकात शोधून तो स्वतः दुरुस्त करते आणि लेख पुन्हा उतरवते. शब्दांची निवड आणि वाक्यांचा क्रम याला मी हात लावत नाही, आणि घरची बोली आली असेल तर ती तशीच राहू देतो. वेळ लागतो, पण छापायच्या लेखनासाठी तो द्यायला हवा. बाईंना सतरा लेख आहेत. दोन आठवडे हाती असतील तर हे होण्यासारखे आहे. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना या दोन प्रतींचा फार उपयोग होतो, कारण मुलाने काय दुरुस्त केले आणि कसे केले, ते दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसते.

पिंपळगावचे प्रश्नचिन्ह कृपया काढू नका. पुढच्या वर्षी याच शाळेत वारकरी उतरतील, तेव्हा गावाबरोबर तालुका आणि जिल्हाही विचारायचा, हे त्या मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

नारायण पेठेतली आजी

मी पूर पाहिला तेव्हा नऊ वर्षांची होते. सून हे पान वाचून दाखवत होती, म्हणून तिच्याकडूनच उत्तर लिहवून घेते आहे.

ज्या आजी सकाळ म्हणतात आणि जे आजोबा दुपार म्हणतात, त्या दोघांवरही बाईंनी विश्वास ठेवावा. पानशेतचे धरण सकाळी फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यात आला आणि त्याचा भार न पेलल्यामुळे नंतर तेही धरण फुटले. पाणी एकदा येऊन थांबले, असे झाले नाही. ते तासन्‌तास चढत राहिले. नदीलगतच्या वाड्यांत ते लवकर शिरले आणि जरा उंचावरच्या आळ्यांत उशिरा पोचले. ज्याच्या उंबऱ्याला जेव्हा लागले, तीच त्याची वेळ. मुलांना एवढेच विचारायला सांगा की आजी, त्या वेळी तुमचे घर नेमके कुठे होते? मग पेठांचा नकाशा घेऊन प्रत्येक घराच्या जागी सांगितलेली वेळ लिहा.

आम्ही आईबरोबर पर्वतीच्या बाजूला निघालो, तेव्हा माझ्या हातात पाटी होती. ती मी का घेतली, ते मला आजही सांगता येत नाही. परत आलो तेव्हा वाड्यात गुडघाभर चिखल होता आणि माझी पुस्तके ओळखू येत नव्हती. खडकवासला रिकामे झाल्यामुळे नळाला पाणी नव्हते. त्यामुळे वाड्यातली विहीर उपसून साफ केली आणि पुढे बरेच दिवस तीच वापरली. आमच्या काही नातेवाइकांना पुढे गोखलेनगरमध्ये घर मिळाले आणि ते पेठेत परत आलेच नाहीत. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे घर तिकडे असेल, तर ते तिथे कसे गेले, हेही त्याला घरी विचारायला सांगावे.

चौथीची वर्गशिक्षिका, पुणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. निरीक्षक सरांचे उत्तर मी आज वर्गात वाचून दाखवले. २.५ मिलिमीटरची अट सांगितल्यावर मुलांनी गटागटाने वही पुन्हा मोजली आणि सव्वीस दिवस गळाले. त्यावर एका मुलीने विचारले की त्या सव्वीस दिवशी आम्ही भिजलो होतो, मग ते दिवस लिहायचेच नाहीत का? म्हणून वार्तापत्रात ‘पावसाचे दिवस’ आणि ‘थोड्या पावसाचे दिवस’ असे दोन रकाने करायचे ठरले. रविवारची नोंद कोणीच घेत नव्हते, हे सरांनी अचूक ओळखले. सोमवारचे आकडे आता वेगळ्या रंगात येतील आणि खाली ‘दोन दिवसांचा पाऊस’ अशी टीप असेल. बाटली कठड्यापासून हलवून गच्चीच्या मधोमध ठेवली आहे. परतीच्या पावसाच्या नोंदी तिथेच घेऊ.

लेखांसाठी हडपसरच्या सरांची पद्धत आजपासून सुरू केली. कोथरूडच्या पालकांना कळवते की छापील पानावर शब्द शुद्ध असतील आणि ते मुलांनी स्वतः शुद्ध केलेले असतील. मुख्याध्यापिकाबाईंनीही याला संमती दिली आहे. पुराच्या लेखांऐवजी मधले पूर्ण पान आता पेठांच्या नकाशाला दिले असून लेख त्याच्या दोन्ही बाजूंना येतील. नऊ घरांच्या जागा कळल्या आहेत, बाकीच्या आठ मुले घरी विचारून येणार आहेत.

नारायण पेठेतल्या आजींना एक विनंती आहे. शनिवारी शाळा सकाळी साडेदहाला सुटते. आपल्याला चालणार असेल, तर चौथीची दोन मुले आणि मी त्यानंतर आपल्याकडे येऊ. पाटीविषयी त्यांना बरेच काही विचारायचे आहे.