मोठ्या बाबांचा रिपोर्ट

दादा: मोठ्या बाबांचा रिपोर्ट टाकला, पाहा. साखर उपाशीपोटी १६८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. ताई, व्यायाम-जेवणाचं तूच समजावून सांग.

मोठे बाबा: गोळी सुरू हाये नं. दिवसभर वावरात राबतो. अजून कायचा व्यायाम?

मोठी आई: राबतात गडी. हे धुऱ्यावर उभे राहून मोबाईल पायतात 😄

ताई (नर्स): चालणं सोडू नका मोठे बाबा, पण ताकदीचा व्यायामही पाहिजे. जेवणातली साखर रक्तातून उचलून घेणारी मोठी जागा म्हणजे मांड्या, कुल्हे, पाठीचे स्नायू. वय झालं की हे मांस उतरते. पोट पुढं, मांड्या बारीक. कोठी लहान झाली तं तूर अंगणातच पडून राहीन नं? शिवाय स्नायूनं जोर लावला की इन्सुलिन कमी असलं तरी तो साखर ओढून घेते.

काका: मंग आता सत्तरीत जिम? आपल्या गावात? 😂

ताई (नर्स): खुर्ची आहे नं घरी? छातीवर हात बांधून १० वेळा उठबस. दम घ्या, पुन्हा एकदा. मग भिंतीला हात टेकवून दंड. पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये पाणी भरून ओसरीत चकरा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. श्वास रोखू नका, बीपी चढते. डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय याहून जड काही उचलायचं नाही.

मामा: *फॉरवर्ड* रोज कारल्याचा रस घ्या, २१ दिवसांत साखर मुळासकट जाते, गोळ्या फेकून द्या!!!

ताई (नर्स): मामाजी, हे डिलीट करा. गोळी डॉक्टरच कमी करतीन.

मोठे बाबा: पोळी सोडली मी. ज्वारीचीच भाकर खातो.

मोठी आई: तीन भाकरी. वरतून भात. आन् खळ्यावर जो येईन त्याच्यासंग चहा.

ताई (नर्स): ज्वारी चांगलीच, चोथा जास्त. पण १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास पिष्टच असते. दीड भाकर करा. अर्धं ताट मेथी, आंबाडी, वांगं. वरण घट्ट घ्या, पाण्यासारखं नाही. झुणका, अंडी चालते. पहिले भाजी-वरण, मग भाकर. चतुर्थीचा साबुदाणा मात्र बंद, तो निव्वळ पिष्ट.

वहिनी: आन् रविवारचे रोडगे?

ताई (नर्स): एक खाऊ द्या, वांग्याची भाजी जास्त. बुंदी नाही. जेवून लगेच लवंडू नका, थोडं फिरून या.

मोठी आई: बाई, एक सांगू का. परवा थंडीत सकाळी ११ ले यायले घाम फुटला. हातपाय लटलट. धुऱ्यावरच बसले. मले दुसऱ्या दिवशी गड्यानं सांगतलं.

ताई (नर्स): न्याहारी केली होती का?

मोठे बाबा: ओलित होतं. लाइन सकाळीच येते. गोळी घेऊन निघून गेलो.

ताई (नर्स): मग साखर उतरली असेल. तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, ती उपाशीपोटी घेऊन कामाला लागलं की असं होते. गोळी घेतली की जेवायचंच. खिशात साखरेची पुडी ठेवा. असं झालं की लगेच तीन चमचे साखर खा, १५ मिनिटांनी साखर तपासा, ७० च्या खालीच असली तं पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीत असला तरच, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. दादा, डॉक्टरांना हे उद्याच सांग, डोस पाहायला लागन.

दादा: उद्या सकाळीच घेऊन जातो.

ताई (नर्स): आणि पऱ्हाटीच्या धसकटात अनवाणी जाऊ नका. पायाला बधिरपणा आला असला तं जखम समजतच नाही.

मोठे बाबा: बरं. ते पाण्याचे कॅन कोणते घेऊ? फवारणीचे दोन रिकामे पडले हायेत.

मोठी आई: हात लावू नका त्यायले! तेलाचे देतो मी.