मदत हवी आहे: स्लगच्या स्निपेटमधून काना-मात्रा गळतायत, आणि क्रॉनमध्ये फाइलचं नाव मध्येच तुटतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट फावल्या वेळात सांभाळतो. नोड, मागे मायएसक्यूएल, भाड्याचा उबुंटू सर्व्हर. वर्षानुवर्षं जमवलेल्या स्निपेट्सची (तयार कोडच्या तुकड्यांची) एक फाइल आहे, त्यातले तुकडे उचलायचे आणि डकवायचे, असं चालतं. इंग्रजी साइट्सवर त्यांनी कधी कुरकुर केली नाही. इथे मात्र पुस्तकांची शीर्षकं मराठी आहेत आणि दोन तुकड्यांनी दगा दिलाय.

पहिला, शीर्षकावरून स्लग, म्हणजे लिंकमधलं पुस्तकाचं नाव, करणारा. मूळ स्निपेट ए ते झेड, आकडे आणि हायफन सोडून बाकी सगळं उडवतं, म्हणजे मराठीत हाती रिकामी स्ट्रिंग. म्हणून रेजेक्सला (कोणती अक्षरं ठेवायची ते सांगणाऱ्या नमुन्याला) यू फ्लॅग लावून युनिकोडचा 'एल' हा अक्षरांचा गट घातला. आता 'मराठी'चं 'मरठ' होतं, 'पुस्तक'चं 'पसतक', 'हृदय'चं 'हदय'. कहर म्हणजे 'काल' आणि 'कला' या दोन्हींचा स्लग 'कल', त्यामुळे एका पुस्तकाच्या लिंकवर दुसरंच उघडतं.

दुसरी, रात्री चालणारी बॅश स्क्रिप्ट. मुखपृष्ठांचे स्कॅन लहान करायचे आणि शीर्षकाची पहिली ४० अक्षरं फाइलला नाव म्हणून द्यायची, एवढंच काम. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरून हाताने चालवली की बरोब्बर चालते. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीने) चालवली की नाव सात-आठ अक्षरांत आटोपतं आणि शेवटी ते काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह. सर्व्हर तोच, युजर तोच. शीबँग (कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणारी पहिली ओळ) बॅशचंच आहे, तेव्हा डॅश या दुसऱ्या शेलवर संशय नको.

स्लग रोमनमध्ये करा, असं कृपया सुचवू नका. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं लिप्यंतर शेवटचा 'अ' सोडत नाही, 'पुस्तक'चं 'पुस्तका' करून ठेवतं. आणि वाचनालयाचे सभासद लिंक व्हॉट्सॅपवर पाठवतात, ती वाचता आली तर बरं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, यांतलं काहीच युनिकोडच्या लेखी 'अक्षर' नाही. ही सगळी 'एम' गटात बसतात. रेजेक्समध्ये 'एल'च्या जोडीला 'एम' आणि आकड्यांसाठी 'एन' ठेवा, मात्रा परत येतील.

पण तेवढ्यावर थांबू नका. 'दुसऱ्या' हा शब्द लोक दोन प्रकारे टाइप करतात. कुणाचा कीबोर्ड ऱ आणि हलन्त देतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच. तो जॉइनर 'एल'मध्येही नाही आणि 'एम'मध्येही नाही, म्हणजे तुमचा रेजेक्स तो खाणार आणि 'या'वर रफार चढणार. एनएफसी नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीनेही) ही दोन रूपं एक होत नाहीत, तिथे हातानेच बदल करावा लागतो. आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, मग नॉर्मलाइज, आणि गाळणी सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की पुन्हा तेच.

प्रतिसाद २

क्रॉनचं दुखणं लोकेलचं (भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगचं) दिसतंय. एसएसएचमधून येताना तुमच्या मशिनची भाषा सोबत येते. क्रॉनला बहुधा नुसता 'सी' लोकेल मिळतोय. त्यात बॅश अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रासुद्धा. ४० बाइटांत १३ चिन्हं पुरी बसतात आणि चौदाव्याचा एकच बाइट लटकत राहतो, तेच तुमचं प्रश्नचिन्ह.

स्क्रिप्टच्या डोक्यावरच एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ देऊन एक्स्पोर्ट करा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) नको; उद्या तुकडा दुसऱ्या सर्व्हरवर डकवलात की तिथलं क्रॉनटॅब वेगळं असणार. आणि तरीही ४० वर कुऱ्हाड घालू नका, जोडाक्षर मधोमध तुटतं. त्याआधीच्या शेवटच्या हायफनवर कापा.

प्रतिसाद ३

अवांतर: वर्डप्रेसवाल्यांनीही वाचून ठेवा. तिथे स्लगचा कॉलम २०० अक्षरांचा, आणि मराठी स्लग टक्केचिन्हांच्या रूपात साठवतात. एक चिन्ह म्हणजे ९ जागा, म्हणजे जेमतेम २२ चिन्हांत स्लग संपतो. लांब शीर्षकं अर्ध्यात का तुटतात, त्याचं उत्तर हेच.

धागाकर्ता

क्रॉनमधून 'लोकेल' कमांडचं आउटपुट फाइलीत काढलं, सगळीकडे 'पॉझिक्स', म्हणजे तोच 'सी'. एलसी_ऑलची ओळ टाकल्यावर नावं सरळ आली. स्लगमध्येही मात्रा जागेवर आहेत, 'दुसऱ्या' दोन्ही कीबोर्डांवरून तपासला.

आता एकच अडचण. 'मरठ', 'पसतक' छापाच्या लिंका सभासदांच्या ग्रुपवर आधीच फिरतायत. त्यांचं काय करावं?

प्रतिसाद १

जुना स्लग पुसू नका. शेजारी नवा कॉलम घ्या, कोलेशन (तुलनेचा नियम) यूटीएफ८एमबी४_बिन ठेवा म्हणजे तुलना तंतोतंत होईल. विनंती आली की आधी नव्यात शोधा, नाही मिळालं तर जुन्यात, आणि तिथे सापडलं तर ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) देऊन नव्या पत्त्यावर पाठवा. 'कल'सारख्या ठिकाणी दोन पुस्तकं निघतील. तिथे अंदाज बांधून ३०१ देऊ नका, ब्राउझर तो लक्षात ठेवतात. दोन्ही नावं दाखवणारं साधं पान द्या, वाचक आपलं पुस्तक निवडेल.