हॉलच्या भाड्यावर मंडळी किती दिवस चालवायची?

परळकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. मुंबईतल्या जुन्या मराठी मंडळ्यांबद्दल, म्हणजे आपल्या चर्चबद्दल, एक गोष्ट उघड बोलायला हवी, म्हणून हा धागा काढतोय. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मंडळ्या सभासदांच्या अर्पणावर चालत नाहीत. त्या चालतात हॉलच्या भाड्यावर, आवारातल्या जुन्या भाडेकरूंवर आणि लग्नसराईच्या बुकिंगवर. रविवारी थैली फिरते, तिच्यात दहा-वीसची नोट पडते. चांगल्या पगाराच्या, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांचंही हेच.

यंदा आमच्या वार्षिक सभेत तूट दिसली. सूचना काय आल्या? हॉलचं भाडं वाढवा. आवाराचा एक भाग पार्किंगला द्या. बिल्डरशी बोलून बघायला काय हरकत आहे? सभासदांनी आपलं अर्पण वाढवावं, असं एकानंही म्हटलं नाही. मी म्हटलं तर विषय पुढच्या सभेवर ढकलला.

हे आवार आपण विकत घेतलेलं नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हापासून अमेरिकेतल्या सामान्य मंडळ्यांमधली माणसं इथल्या शाळांसाठी आणि प्रार्थनामंदिरांसाठी पैसे पाठवत आली. त्याच अमेरिकन मिशनचा सेक्रेटरी रूफस अँडरसन 1854-55 मध्ये इकडे येऊन गेला. त्याचा आग्रह होता की इथल्या मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ताही स्वतः सांगावी. कारभार आपण घेतला. खर्च अजून मिशनच्या जमिनीवर टाकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, त्यामागे हीच तळमळ होती: ख्रिस्ती मंडळी या मातीतल्या माणसांच्या भक्तीवर उभी राहावी, परक्या पगारावर नव्हे.

बायबलातल्या नेहम्याच्या 13व्या अध्यायात आहे, लोकांनी वाटा देणं बंद केलं तेव्हा लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, आणि गायक मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नेहम्यानं अधिकाऱ्यांना धारेवर धरलं आणि दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, पुन्हा सुरू केला. माझं म्हणणं सरळ आहे. पाळकाचा पगार, लाईट बिल आणि मंदिराची डागडुजी सभासदांच्या अर्पणातून व्हावी. त्यासाठी प्रत्येक कमावत्या सभासदानं दशमांश द्यावा. हॉलचं भाडं पूर्णपणे गरजूंसाठी ठेवावं.

मार्था_डोंबिवली

परळकर दादा, भाड्याबद्दलचं पटलं. दशमांशाचं नाही, आणि का नाही ते नीट सांगते.

समजा घरात महिन्याला 25,000 येतात. खोलीचं भाडं, रेल्वेचा पास, मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं. त्यातले 2,500 काढले तर काय राहतं? ज्याला दोन लाख मिळतात त्यानं 20,000 दिले तरी त्याच्या ताटातलं काही कमी होत नाही. दहा टक्के दोघांनाही सारखेच आहेत, पण त्याचं ओझं सारखं नाही.

आणि शास्त्र वाचायचं तर पूर्ण वाचू या. अनुवादाच्या 14व्या अध्यायात दशमांशाचा मोठा भाग देणाऱ्याच्या कुटुंबानं देवापुढे बसून खायचा आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेव्यासाठी, उपऱ्यासाठी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. म्हणजे जी बाई आज थैलीत टाकायला घाबरते, तिला त्यातून मिळायला हवं होतं. आपल्या मंडळीतल्या किती विधवांना त्या थैलीतून मिळतं?

नव्या करारात प्रेषित पौलानं कुठेही टक्का सांगितला नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये, असं करिंथकरांना लिहिलं. शेत विकून त्यातले काही पैसे लपवणाऱ्या हनन्या-सप्पीराची गोष्ट भीती घालायला सांगतात. पण पेत्र हनन्याला काय म्हणाला? शेत विकण्याआधी ते तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? दोष खोटं बोलण्याचा होता, कमी देण्याचा नव्हता.

विश्वासी_1

आमच्या घरी लग्नापासून दशमांश पहिल्या तारखेला बाजूला निघतो. कधी कमी पडलं नाही. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात (3:10) देव स्वतः म्हणतो, माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटे उघडतो की नाही. वचनावर भरवसा ठेवा, हिशेब कमी करा.

नेरुळचा_प्रवासी

विश्वासी, तुमच्या भरवशाला माझा नमस्कार. पण हेच वचन माणसांना कसं लावलं जातं ते मी जवळून पाहिलंय. नाव न घेता सांगतो. भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी एक फेलोशिप होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. दोन महिने पाकीट आलं नाही तर पुढारी घरी येत. माझ्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या बंधूची नोकरी आधीच सुटली होती, म्हणून रिक्षा चालवत होता. त्याला सांगितलं, तू देवाचं चोरलंस म्हणून दार बंद झालं. तो माणूस व्याजानं पैसे काढून दशमांश भरायला लागला. शेवटी त्यानं उपासनेलाच येणं सोडलं.

मलाखी रागावला होता तो कोणावर? पहिल्या अध्यायापासून बघा, आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर चढवणाऱ्या याजकांवरही. आणि दशमांश ज्या भांडारात आणायला सांगितला, तो 'माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून'. पुढाऱ्याच्या गाडीच्या हप्त्यासाठी नव्हे. दिलं म्हणजे दुप्पट मिळेल असं शिकवणं हा देवाशी सौदा आहे, आणि सौद्यात गरीबच बुडतो.

वसईवाला

मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या पंचांच्या, म्हणजे कारभाऱ्यांच्या, सभेत मला मत नाही, पण आमच्याकडचं सांगतो. आमच्यात दशमांशाची सक्ती नाही. चर्चच्या गरजा भागवायला मदत करणं हे प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य आहे, पण किती द्यायचं ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. 1983 च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक पॅरिशला (धर्मग्रामाला) फायनान्स कौन्सिल असावीच लागते. लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेबही लोकांना द्यायचा असतो. आणि गरिबीमुळे कोणी साक्रामेंतापासून, म्हणजे पवित्र विधींपासून, वंचित राहू नये, हे फादरांवर बंधन आहे. कायदा आहे म्हणून सगळीकडे पाळला जातो असं मी म्हणणार नाही. पण निदान विचारताना पायाखाली जमीन असते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. सणाच्या मंडपाला आणि रोषणाईला वर्गणी पटापट जमते. त्याच गावात डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी फिरलं तर दारं हळू उघडतात.

परळकर

मार्थाताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण मी माघार घेत नाही. गरिबाला देण्याचा आनंद परवडत नाही असं आपण त्याच्या वतीनं ठरवू नये. मिझोराममध्ये घरोघरच्या बाया भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांनी आपला कारभार उभा केला. त्या बाया काही श्रीमंत नव्हत्या. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमेच्या गरिबांसाठी देऊ द्या म्हणून त्यांनी पौलाकडे आग्रह धरला. मार्कच्या 12व्या अध्यायातल्या विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, येशूनं परत केल्या नाहीत.

मार्था_डोंबिवली

दादा, त्या मिझो बायांच्या मुठीचं माप कोणी ठरवलं होतं का? जिची मूठ लहान, तिचे तांदूळ कमी. मी तेच म्हणतेय.

आणि त्या दोन टोल्यांच्या आधीची ओवी वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशू दोष देतो, आणि लगेच ही विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. पुढच्या अध्यायात त्याच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असं तो सांगतो. तो तिचं कौतुक करतो, हे खरंच. पण तिला ज्या व्यवस्थेनं रिकामं केलं, तिच्याबद्दल त्याचं मन दुखलेलं आहे, असं मला दर वेळी वाचताना वाटतं. आपल्याकडे या उताऱ्यावर उपदेश होतो तो नेमका इमारत निधीच्या रविवारी.

उपकारस्तुतीच्या सणाला मंडळीत होणाऱ्या लिलावाचं उदाहरण घ्या. नारळ, भोपळा, केकला दोन-तीन घरं बोली चढवत नेतात, टाळ्या वाजतात. मागच्या बाकावरची माणसं मान खाली घालून बसतात. हे थांबवा, मग देण्याबद्दल बोलू.

ताळेबंद

मी धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो, तेव्हा थोडं कोरडं पण कामाचं.

आपल्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) नावावर असते. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. कलम 36 प्रमाणे आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देता येत नाही. तेव्हा 'बिल्डरशी बोलून बघू' म्हणणाऱ्या पंचांना सभेतच विचारा: परवानगीचा अर्ज कुठे आहे?

थैलीत पडणारं अर्पण निनावी असतं. निव्वळ धार्मिक न्यासाला अशा निनावी दानावर वेगळा कर लागत नाही. हा कायद्यानं दाखवलेला विश्वास आहे, म्हणून मोजणी जास्तच चोख हवी. उपासनेनंतर लगेच, नात्यात नसलेल्या दोघांनी मिळून मोजायचं, वहीत दोघांची सही आणि सोमवारी बँकेत भरणा. क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीही नाही. पौलानंही यरुशलेमेची मदत नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट ठेवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 8.

परदेशी मदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उतरतो, तोही त्या कायद्याखालची नोंदणी जिवंत असेल तर. तो रस्ता अरुंद झालाय. या बाबतीत परळकर बरोबर आहेत, घरचा पैसा लागणारच.

विश्वासी_1

दशमांश हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की पीएफ आणि कर कापण्याआधीच्या? आमच्याकडे यावरून नवरा-बायकोत वाद आहे.

पाळकाची_मुलगी

तुम्ही सगळे अर्पणाबद्दल बोलताय. ते ज्या घरात पोचतं, किंवा पोचत नाही, तिथून मी बोलते.

माझे वडील पाळक होते. पगार महिनोन्महिने अडकायचा, कारण मंडळीनं आपला वाटा वरच्या कार्यालयात भरलेला नसायचा आणि तिथून पगार सुटायचा नाही. नाताळात मात्र आमच्या घरी करंज्या आणि केकच्या डब्यांची रांग. प्रेमानं आणलेले, ते मी नाकारत नाही. पण शाळेची फी करंज्यांनी भरता येत नाही. आजाऱ्याला भेटायला रात्री सायन किंवा केईएमला जायचं, तर टॅक्सी स्वतःच्या खिशातून. आईनं शिकवण्या घेतल्या म्हणून घर चाललं. पाळकानं तक्रार केली तर 'सेवेसाठी आलात ना' हे ऐकायचं.

सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, असा प्रभूचाच नियम पौल सांगतो. तंबू शिवून पोट भरणं ही त्याची स्वतःची निवड होती. मंडळीनं त्याला उपाशी ठेवून ती लादली नव्हती. पाळकाच्या गरिबीला आत्मिकता म्हणणं बंद करा. मार्थाताई, तुमचे दोनशे रुपये आले तर मला पुरेत. माझी तक्रार त्यांच्याशी आहे, जे दोन लाख कमावतात आणि 'मनात ठरवल्याप्रमाणे' या शब्दांच्या आड पन्नासची नोट टाकतात. स्वेच्छेचं वचन सगळ्यात जास्त तेच वापरतात.

मार्था_डोंबिवली

ताई, हे वाचून गप्प झाले. तुम्ही म्हणता ती माणसं आमच्याही मंडळीत आहेत. त्यांना मी टक्का सांगायला तयार आहे, आणि दहावरच थांबायचं कारण नाही. बायबलातल्या श्रीमंत जकातदार जक्कयानं आपलं अर्धं धन दिलं. नियमच हवा असेल तर तो मिळकतीबरोबर चढता हवा. माझा विरोध आहे तो सगळ्यांना एकच आकडा लावून, यादी करून, नावं वाचण्याला.

नेरुळचा_प्रवासी

विश्वासी, पीएफच्या प्रश्नाला नव्या करारात उत्तर शोधू नका. दोघांनी मिळून जे ठरवाल ते महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढा, बस्स.

परळकर

पाळकाच्या मुलीनं लिहिलंय ते मी पंचांच्या बैठकीत तसंच वाचून दाखवणार आहे, नाव अर्थात नाही.

पुढच्या सभेसाठी दोन ठराव लिहून ठेवलेत. पहिला: दर महिन्याच्या अर्पणाचा आणि खर्चाचा तक्ता नोटीस बोर्डावर लावायचा, पाळकाचा पगार महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायचा आणि हॉलच्या भाड्यातला निम्मा भाग विधवा, आजारी आणि शिकणारी मुलं यांच्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा. पूर्ण भाडं एकदम बाजूला काढणं यंदा जमणार नाही, म्हणून निम्म्यापासून सुरुवात. दुसरा: प्रत्येक कमावत्या सभासदानं दशमांशाचा संकल्प करावा. नावं वाचायची नाहीत, पाकिटावर नाव नको. लिलावाचं नंतर बघू, त्यावर महिला मंडळाशी बोलायला हवं.

मार्था_डोंबिवली

पहिला ठराव मी आमच्या मंडळीतही जसाच्या तसा मांडते, अनुमोदकही तयार आहे. दुसऱ्यात 'दशमांशाचा' खोडून 'ऐपतीप्रमाणे ठरावीक अर्पणाचा' असं करा. तसं केलंत तर आमच्याकडे हात वर करेन. नाहीतर विरोधात मत देईन आणि का ते उभं राहून सांगेन. आणि लिलाव 'नंतर' नको, सण तोंडावर आलाय.